बिहूचा ढोल आणि मोरानांचे बंड : आसामच्या सणांत दडलेली क्रांती आणि प्रतिक्रांती

१४ एप्रिलच्या सकाळी आपल्या वस्तीत निळे झेंडे लागतात, बुद्धवंदना होते आणि दुपारपासून मिरवणुकीची तयारी सुरू होते. त्याच सुमारास ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला शेतकरी आपली गुरे नदीवर नेतो. उडीद-हळदीचे वाटण त्यांच्या अंगाला चोळतो, दुधी-वांग्याचे तुकडे त्यांच्यावर टाकतो आणि संध्याकाळी गोठ्यात नवे दावे बांधतो. हा 'गोरू बिहू', म्हणजे गुरांचा बिहू. चैत्र संक्रांतीला, १३ किंवा १४ एप्रिलला तो येतो. आपल्याकडच्या पोळ्या-बेंदराशी त्याचे नाते कोणत्याही शेतकऱ्याच्या लगेच लक्षात येईल.

तारखांचे हे जुळणे योगायोग आहे. योगायोगावर इतिहास उभा करायचा नसतो, ते काम पंचांगवाल्यांचे. तरीही या योगायोगाचे निमित्त करून आम्ही आज आसामच्या सणांबद्दल लिहीत आहोत. कारण दरवर्षी एप्रिलमध्ये आमच्या मोबाईलवर दोन प्रकारचे संदेश येतात. पहिला संदेश सांगतो की बैसाखी, विषू, पोइला बैशाख, बिहू हे सगळे एकाच 'सनातन हिंदू नववर्षा'चे अवतार आहेत. दुसरा संदेश आपल्याच काही मित्रांचा असतो : सण म्हटला की तो भटांचाच, त्यात शोधण्यासारखे काही नाही. आमच्या मते हे दोन्ही संदेश एकच चूक करतात. दोघेही सणामागच्या माणसांचा इतिहास वाचायचे टाळतात. आसामचा इतिहास तर असा आहे की तो आंबेडकरी कार्यकर्त्याने वाचलाच पाहिजे.

बिहू एक नाही, तीन आहेत

आसामी वर्षात तीन बिहू येतात आणि तिन्ही भातशेतीच्या चक्राला बांधलेले आहेत. बोहाग म्हणजे वैशाखाच्या सुरुवातीचा तो रोंगाली बिहू. नांगरणीपूर्वीचा, पहिल्या पावसाच्या ओढीचा, तरुण-तरुणींच्या नाचगाण्याचा. गोरू बिहूच्या दुसऱ्या दिवशी 'मानूह बिहू', म्हणजे माणसांचा. त्या दिवशी थोरांना नमस्कार करून हातमागावर विणलेला गामोसा दिला जातो. मग ढोल, म्हशीच्या शिंगाचा पेपा, बांबूची गगना आणि टोका घेऊन 'हुसरी'ची टोळी घरोघरी फिरते, अंगणात नाचते आणि घराला आशीर्वाद देऊन पुढे जाते.

दुसरा काती बिहू ऑक्टोबरच्या मध्यावर येतो. त्याला कोंगाली, म्हणजे कंगालांचा बिहू म्हणतात. जुने भात संपलेले, नवे अजून शेतात उभे, कणगी रिकामी. त्यामुळे मेजवानी नाही. शेतात पणती लावायची, उंच बांबूवर आकाशदिवा चढवायचा आणि पिकाला कीड लागू नये अशी इच्छा करायची. भुकेच्या महिन्यालाही ज्यांनी सणात जागा दिली, ते लोक सण कशासाठी असतो हे नीट ओळखून होते.

तिसरा माघ बिहू जानेवारीच्या मध्यावर, आपल्या संक्रांतीच्या वेळी. तो भोगाली, म्हणजे भरल्या पोटाचा. आदल्या रात्री, 'उरुका'ला, शेतात गवताचे आणि बांबूचे 'भेलाघर' उभारतात, सगळे मिळून रांधतात आणि पहाटे 'मेजी' पेटवतात. तीळ, गूळ, नारळ, तांदळाचे पिठे. याच दिवसांत, १४ जानेवारीला, आपण नामांतराच्या लढ्यातील शहिदांना अभिवादन करतो, हेही लक्षात असू द्या.

आता एक साधा प्रश्न. या तिन्ही बिहूंच्या गाभ्यात पुरोहिताचे काम कोणते? गुरे शेतकरी धुतो, ढोल तरुण वाजवतो, आशीर्वाद घरातली म्हातारी माणसे देतात, मेजी गाव पेटवते. पुढच्या काळात तुळशीजवळचा दिवा आला, नामकीर्तन आले, पण ते काढून ठेवले तरी बिहू उरतो. शेतकरी, गुरे आणि ढोल काढले तर मात्र काहीच उरत नाही.

नावाचा वाद

'बिहू' हा शब्द संस्कृत 'विषुव'वरून आला असे पुस्तकांत लिहिलेले असते. केरळचा विषू आणि तुळुनाडचा बिसू पाहिले तर त्या मताला आधार नाही असे आम्ही म्हणणार नाही. पण आसामातल्याच देउरी लोकांचा बिसू, दिमासांचा बुशू आणि बोडोंचा बैसागू हेही नजरेसमोर ठेवले पाहिजेत. दिमासांचा बुशू तर जानेवारीतला, सुगीनंतरचा सण आहे. त्याचा विषुवदिनाशी संबंध कसा लावणार? म्हणून अनेक आसामी अभ्यासक या शब्दाचे मूळ बोडो-कछारी भाषांत शोधतात.

आमचे म्हणणे एवढेच की शब्दाची व्युत्पत्ती सणाची मालकी ठरवत नाही. उद्या 'विषुव' हेच मूळ सिद्ध झाले तरी भात पेरणारे हात कोणाचे होते हा प्रश्न शिल्लक राहतोच. बोडो आपला बैसागू गुरांच्या सेवेने सुरू करतात आणि त्यांच्या बाथौ धर्मात सिजू या निवडुंगाच्या झाडाजवळ पूजा होते. मिसिंग लोक फागुन महिन्याच्या पहिल्या बुधवारी 'आली-आय-लिगांग' हा पेरणीचा सण करतात. कारबींचा रोंगकेर, राभांचा बाइखो आणि तिवांचा जोनबील मेळा वेगळेच. त्या मेळ्यात आजही डोंगर आणि मैदानातले लोक वस्तूंची अदलाबदल करतात. आहोम ३१ जानेवारीला 'मे-डाम-मे-फी'त पूर्वजांना स्मरतात. चहामळ्यांतले आदिवासी करम आणि टुसू करतात. छोटा नागपूरच्या पट्ट्यातून इंग्रजांच्या काळात मजूर म्हणून आणलेल्या या लोकांच्या भाऊबंदांना झारखंडात अनुसूचित जमातीचा दर्जा आहे, आसामात मात्र त्यांना तो मिळालेला नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या फार थोड्या लोकांना ठाऊक असते. वरच्या आसामात ताई फाके, खामती, आइतोन, खाम्यांग आणि सिंगफो हे थेरवादी बौद्ध समाज पिढ्यान्‌पिढ्या राहतात. दिब्रुगड जिल्ह्यातल्या नाहरकटियाजवळचे नामफाके हे त्यांचे प्रसिद्ध गाव. एप्रिलच्या मध्यावर ते बुद्धमूर्तींना पाण्याने स्नान घालतात आणि एकमेकांवर पाणी उडवून नवे वर्ष साजरे करतात. म्हणजे बिहूचा ढोल वाजत असतानाच काही मैलांवर त्रिसरण चाललेले असते. या सगळ्याला एकाच 'हिंदू नववर्षा'च्या पिशवीत कोंबणे ही अडाणीपणाची नाही, हिशेबाची गोष्ट आहे.

शेतातून राजवाड्यात

आहोम राजवंशाचा मूळपुरुष सुकाफा १२२८ मध्ये पाटकाई डोंगर ओलांडून ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात आला. त्याच्या लोकांचा धर्म स्वतःचा होता, पुरोहित स्वतःचे होते. पुढच्या चारशे वर्षांत ब्राह्मण दरबारात शिरले आणि सतराव्या शतकात, जयध्वज सिंहाच्या काळापासून, राजे हिंदू दीक्षा घेऊ लागले. राजाला दैवी वंशावळ मिळाली आणि ब्राह्मणांना जमिनी मिळाल्या. हा व्यवहार आपल्याला नवा नाही.

बिहूही याच काळात राजवाड्याच्या दारात आला. रुद्र सिंह (१६९६ ते १७१४) याने रंगपूरच्या मैदानात बिहूला राजाश्रय दिला. प्रमत्त सिंह (१७४४ ते १७५१) याने तिथे विटांचे दुमजली रंगघर बांधले. शिवसागरला ते आजही उभे आहे. वरच्या मजल्यावर राजा आणि सरदार, खाली मैदानात रेड्यांच्या झुंजी आणि नाचणारी रयत. रंगघराच्या वास्तूचे कौतुक सगळेच करतात. आम्ही खालच्या मैदानाकडे बघायला सांगतो.

खाली नाचणारा हा माणूस बहुधा 'पाइक' होता. आहोम राज्यात पंधरा ते पन्नास वयाच्या धडधाकट पुरुषाची पाइक म्हणून नोंद होई. चार पाइकांचा (पुढे तिघांचा) एक 'गोट'. त्यातला एकेक जण पाळीपाळीने राजाच्या कामावर जाई. बंधारे, रस्ते, तलाव, राजवाडे, लढाया, सगळे याच श्रमावर. मोबदल्यात कसायला दोन पुरा भातजमीन. महार वतनाच्या विरोधात बाबासाहेब का लढले हे ज्याला समजते, त्याला पाइक पद्धत वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. जमिनीचा तुकडा देऊन माणसाचे आयुष्य बांधून घेण्याची ही रीत दोन्हीकडे सारखीच.

आणि अपमानाची खूणही सारखीच. एडवर्ड गेट याने १९०६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आसामच्या इतिहासात नोंद आहे की आहोम राज्यात हलक्या मानलेल्या जातींना केस लांब ठेवायला बंदी होती आणि डोम म्हटल्या जाणाऱ्या मासेमार समाजाला कपाळावर मासा गोंदवून घ्यावा लागे. पेशवाईत पुण्याच्या अस्पृश्याला गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधावा लागे, याची आठवण बाबासाहेबांनी 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये करून दिली आहे. एकीकडे मडके, दुसरीकडे मासा. जात आपली सही माणसाच्या शरीरावरच करते.

शंकरदेवांनी उघडलेले दार

या समाजात शंकरदेवांनी (१४४९ ते १५६८) एकशरण नामधर्म सांगितला. एकच देव, त्याचे नाव, मूर्तीऐवजी ग्रंथ, आणि सगळ्यांनी एकत्र बसायचे 'नामघर'. स्वतः कायस्थ असलेल्या या गुरूभोवती ब्राह्मणेतर, आदिवासी आणि मुसलमानही शिष्य म्हणून जमले. रास आणि भाओना हे आज आसामची ओळख असलेले उत्सव याच चळवळीतून आले.

आम्ही शंकरदेवांना आंबेडकरवादी ठरवणार नाही. आपल्या संतांप्रमाणेच त्यांनीही भक्तीत समता दिली, समाजव्यवस्था मोडली नाही. त्यांच्या पश्चात पंथाच्या चार शाखा झाल्या. ब्रह्म संहतीने ब्राह्मणी आचार सांभाळला आणि औनियाटी, दक्षिणपाट यांसारख्या तिच्या सत्रांना राजाश्रय मिळाला. काल संहती मात्र तळातल्या लोकांत गेली. तिच्यातल्या अनिरुद्धदेवांच्या मायामरा सत्राचे अनुयायी होते मोरान, मटक, कैवर्त आणि असेच राबणारे समाज. त्यांना लोक 'मोवामरिया' म्हणत. आपल्या गुरूखेरीज कोणापुढेही मान वाकवायची नाही, हा त्यांचा बाणा होता.

राजसत्तेला नेमका हाच बाणा खुपला. शिव सिंह (१७१४ ते १७४४) राजा असताना शाक्त ब्राह्मण गुरूंचे वर्चस्व वाढले. ज्योतिषांच्या सांगण्यावरून त्याने आपली राणी फुलेश्वरी हिला 'बोर राजा' करून कारभार तिच्या हाती दिला. देवळात नाचणारी मुलगी म्हणून आयुष्य सुरू केलेली ही बाई सिंहासनावर बसली आणि तिने दुर्गापूजेला शूद्र महंतांना बोलावून देवीपुढे वाकायला लावले, बळीचे रक्त त्यांच्या कपाळाला लावले. खालून वर गेलेला माणूस ब्राह्मणी व्यवस्थेचा सर्वांत कडवा शिपाई कसा होतो, याचे उदाहरण शोधायला आपल्याला फार लांब जावे लागत नाही. इथे दुर्गापूजा हा सण हत्यार म्हणून वापरला गेला. मोवामरियांनी तो अपमान पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवला.

बिहूच्या दिवसांतली प्रतिक्रांती

१७६९ मध्ये लक्ष्मी सिंह गादीवर होता आणि खरी सत्ता कीर्तिचंद्र बोरबरुआच्या हातात होती. मोरान लोक राज्याला हत्ती पुरवत. त्यांचा प्रमुख नाहरखोरा हत्ती घेऊन आला तेव्हा बोरबरुआचा मान राखला नाही म्हणून त्याला क्रूर शिक्षा करून अपमानित करण्यात आले. ठिणगी तिथे पडली. राघ मोरानच्या नेतृत्वाखाली शेतकरी, पाइक आणि सत्राचे भक्त उठले. नोव्हेंबर १७६९ मध्ये त्यांनी राजधानी रंगपूर घेतली, राजाला कैद केले आणि नाहरखोराचा मुलगा रमाकांत याला गादीवर बसवले. ज्यांनी रंगघराच्या खाली नाचायचे, ते रंगघराच्या वर गेले.

हे राज्य टिकले जेमतेम पाच महिने. एप्रिल १७७० मध्ये, बोहाग बिहूच्या दिवसांत, बंडखोर आपापल्या गावी पांगले होते. जुन्या सरदारांनी हीच वेळ साधली. हुसरीचे निमित्त करून माणसे राघच्या दारात आली आणि तो आशीर्वादासाठी वाकला तेव्हा पहिला वार कुरंगनयनीने केला, असे सांगितले जाते. ही मणिपूरची राजकन्या, मृत राजाची विधवा. राघने तिला आपल्या घरात घातले होते. राघ मारला गेला, रमाकांत मारला गेला, लक्ष्मी सिंह परत गादीवर आला. त्यानंतर मोवामरियांची कत्तल झाली आणि त्यांच्या महंतांना मुलासह ठार करण्यात आले.

ज्या सणात घराचे दार प्रत्येकासाठी उघडे असते, त्या सणाच्या दारातूनच प्रतिक्रांती आत आली. आजच्या बिहूच्या झगमगाटात ही आठवण कोणी काढत नाही.

पण आम्ही फक्त रडगाणे गाणार नाही. पराभवाची कारणेही बघितली पाहिजेत. बाबासाहेबांनी दाखवून दिले की राजकीय क्रांतीच्या आधी सामाजिक आणि धार्मिक क्रांती व्हावी लागते. मोवामरियांच्या मागे शंकरदेवांपासूनची धार्मिक चळवळ होती, म्हणूनच भक्तांची फौज राजधानी घेऊ शकली. परंतु ती चळवळ सामाजिक क्रांतीपर्यंत गेली नव्हती. राजधानी हातात आल्यावर त्यांनी राजा बदलला, रचना तीच ठेवली. राघने स्वतः 'बोरबरुआ' हाच जुना हुद्दा घेतला. पाइकांची वेठ संपली नाही. जुन्या राजांप्रमाणे पराभूतांच्या स्त्रिया जिंकलेल्या मालासारख्या वाटून घेतल्या. कुरंगनयनीला खलनायिका म्हणणारे सोयीस्कर विसरतात की तिला त्या घरात राहायचे की नाही हे कोणी विचारले नव्हते. ज्या क्रांतीत स्त्रीला मान नाही, ती क्रांती आपल्याच घरात शत्रू पेरते.

सरंजामशाहीलाही हा विजय पचला नाही. बंड पुन्हा पुन्हा पेटले. १७८८ मध्ये गौरीनाथ सिंहाला राजधानी सोडून पळावे लागले आणि १७९२ मध्ये त्याला इंग्रजांचा कॅप्टन वेल्श मदतीला आणावा लागला. शेवटी १८०५ मध्ये मटकांचा सर्वानंद सिंह 'बोरसेनापती' म्हणून मान्य करावा लागला. गावे ओस पडली होती, सैन्य मोडले होते. त्या पोकळ राज्यावर ब्रह्मी फौजा आल्या आणि १८२६ च्या यांदाबो तहाने आसाम इंग्रजांकडे गेला. जे राज्य आपल्या श्रमिकांच्या कपाळावर मासा गोंदवते, त्याच्यासाठी ते श्रमिक मरायला उभे राहत नाहीत.

आजचे रंगघर

पुढे भद्रलोकांनी बिहूच्या प्रेमगीतांना अश्लील म्हणून नाके मुरडली आणि स्वातंत्र्यानंतर तोच बिहू सोवळा करून गुवाहाटीच्या व्यासपीठावर नेला. १३ एप्रिल २०२३ ला गुवाहाटीच्या सरुसजाई मैदानावर अकरा हजारांहून अधिक कलाकारांनी एकाच वेळी बिहू नाचून विक्रम केला. दुसऱ्या दिवशी, १४ एप्रिलला, पंतप्रधानांसमोर पुन्हा तोच सोहळा झाला. कलाकारांच्या कष्टाबद्दल आम्हाला आदर आहे. पण वर बसून बघणारे कोण आणि खाली नाचणारे कोण, हे चित्र रंगघराच्या वेळेपेक्षा किती बदलले?

त्याच आसामात मोरान आणि मटक अजूनही अनुसूचित जमातीच्या दर्जाची मागणी करत आहेत. ताई आहोम, चुतिया, कोच-राजबोंग्शी आणि चहामळ्यांतले आदिवासीही त्याच रांगेत आहेत, आणि आपला वाटा कमी होईल म्हणून आधीच्या जमाती अस्वस्थ आहेत. बारपेट्याच्या कीर्तनघरात स्त्रियांना परंपरेने प्रवेश नाही. २०१० मध्ये पाटबाउसी सत्रात स्त्रियांना आत नेण्यासाठी राज्यपाल जानकी बल्लभ पटनायक यांना स्वतः जावे लागले. कामाख्येच्या अंबुबाचीत देवीची मासिक पाळी पवित्र मानून मेळा भरतो, आणि बाईच्या पाळीचा विटाळ मात्र संपत नाही. शंकरदेवांनी उघडलेले दार त्यांच्याच नावाने बंद करणारे लोक आहेत, जसे तुकोबांच्या नावाने आपल्याकडे आहेत.

म्हणून आपल्या तरुणांना आमचे सांगणे आहे. सण सरसकट डोक्यावर घेऊ नका आणि सरसकट फेकूनही देऊ नका. महात्मा फुल्यांनी बळीराजाच्या आठवणीतून इतिहास खणून काढला, तसा तो खणा. कोणत्याही सणाला तीन प्रश्न विचारा. यात राबतो कोण? वर बसून बघतो कोण? आणि दाराबाहेर कोणाला उभे केले आहे? उत्तरे मिळाली की तो सण कुठे आपला आणि कुठे आपल्याविरुद्ध, हे कोणाला विचारावे लागणार नाही.

येत्या १४ एप्रिलला मिरवणुकीत ढोल वाजेल तेव्हा ब्रह्मपुत्रेकाठच्या त्या ढोलाचीही आठवण ठेवू या. राघ मोरानची माणसे राजधानी जिंकून बेसावध राहिली. ती चूक आपण करायची नाही, आणि आपल्या बायकांना विसरण्याची त्यांची दुसरी चूक तर अजिबात नाही.

जय भीम!